भिंतीची ऊब

गॅसचं बिल फोनवर आलं तेव्हा हर्षदा आहेर एका ट्रक ड्रायव्हरला समोर बसवून त्याची खरडपट्टी काढत होती. नाशिकला जानेवारीची थंडी अशी पडली होती की डेपोतले लोक शेकोटी सोडायला तयार नव्हते, तरी त्या ड्रायव्हरच्या कपाळावर घाम होता.

मालवाहतूक कंपनीच्या डिझेल विभागात हर्षदाची अठरा वर्षं गेली होती. कोणता ट्रक एका लिटरमध्ये किती धावतो यावर नजर ठेवायची आणि आकडा घसरला की ड्रायव्हरला बोलावून घ्यायचं, हे तिचं काम. "डिझेल हवेत विरत नाही दादा, ते कुणाच्या तरी हातूनच जातं," हे तिचं ठरलेलं वाक्य. ड्रायव्हर मंडळी तिच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. दहापैकी नऊ वेळा तिचा संशय खरा निघत असे. दहाव्या वेळेचा ती फारसा विचार करत नसे.

बिलावरचा आकडा तिने दोनदा वाचला. दोन महिन्यांत तीस युनिट गॅस लागायचा, तो या वेळी ब्याण्णव लागला होता. ड्रायव्हरला तिने हातानेच जायला सांगितलं.

संध्याकाळी समाधान, म्हणजे तिचा नवरा, सिन्नरच्या कारखान्यातून आला तोवर तिने सगळं शोधून ठेवलं होतं.

"ब्याण्णव?" तो बूट काढता काढता म्हणाला. "आपण काय गावजेवण घातलं का?"

"हे बघा." तिने ॲपमधला रोजच्या वापराचा तक्ता पुढे धरला. "दिवाळीपर्यंत रोज अर्धा युनिट. दिवाळीनंतरच्या आठवड्यापासून रोज दीड. एकही दिवस चुकलेला नाही. मोठा बर्नर रोज तीन-साडेतीन तास नुसता जळत राहिला तर बरोब्बर एवढा गॅस जातो."

समाधानने स्वयंपाकघराशेजारच्या बंद दाराकडे पाहिलं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात घरात एकच गोष्ट बदलली होती. गुडघे गेले म्हणून गावाकडून त्याची आई, कौसल्याबाई, कायमची इथे राहायला आली होती.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता दोन बेडरूमचा. मुलगी शिकायला पुण्याला असली तरी तिची खोली मोडायची नव्हती. मग स्वयंपाकघराला लागून बिल्डरने कोठीसाठी दिलेली छोटी खोली हर्षदाने आईंसाठी सजवली. रंग दिला, खिडकीला पडदा लावला. आईंना खाली बसून पूजा करता यावी म्हणून सुताराकडून स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीला हातभर उंचीवर देवघर ठोकून घेतलं. पलंगावर आईंना झोप येत नसे, म्हणून देवघराशेजारी जमिनीवरच गादी घातली. सून म्हणून आपण कुठे कमी पडलो नाही, असं हर्षदाला त्या खोलीकडे बघून वाटायचं, आणि ते खरंही होतं.

आईंना खोली फार आवडली. त्यातही ती भिंत. "मायाळू भिंत आहे गं," त्या म्हणत. निफाडकडून गार वारे सुटले तरी ती भिंत कोमट असे. आई दुपारी तिला पाठ टेकून बसत. विरजणाचं भांडं रात्री भिंतीशी सरकवून ठेवलं की भर थंडीत सकाळी कवडीदार दही तयार. इडलीचं पीठही तिथेच फुगायचं. पलीकडे शेगडी आहे, त्याची धग येत असेल, असं हर्षदा म्हणायची. यापलीकडे कुणी खोलात गेलं नाही.

पण डिसेंबरपासून आईंचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठल्या की डोकं ठणकायचं. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. नातीला त्यांनी फोनवर स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. दुपारी झोपल्या की चार-चार तास उठत नसत, आणि उठल्या की आपण कुठल्या घरात आहोत हे क्षणभर त्यांना कळत नसे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वय झालंय, सत्याहत्तर म्हणजे काही कमी नाही.

आता त्या सगळ्याला बिलाचा आकडा येऊन चिकटला होता.

"आधी गळती नाही ना ते बघून घेऊ," समाधान म्हणाला. "उगाच आईवर आळ नको."

शनिवारी गॅस कंपनीचा तंत्रज्ञ आला. इरफान शेख नाव, तिशीतला, बोलका माणूस. त्याच्या हातात लांब नळीचं एक यंत्र होतं. शेगडी, रबरी नळी, भिंतीतून निघणारा कॉक, सगळ्या ठिकाणी त्याने ती नळी फिरवली. आईंच्या खोलीतही फिरवली. यंत्रावर प्रत्येक वेळी शून्य आलं.

"गळती नाही मॅडम. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये व्हायचीही नाही. तुमच्याकडे लेप आहे."

"कसला लेप?"

इरफानला हे समजावून सांगायला आवडत असावं. तो खुर्ची ओढून बसलाच. भातखाचरांच्या चिखलात, गटारांच्या तळाशी काही जिवाणू असतात, त्यांचं अन्नच मुळी मिथेन वायू. आपल्या नळातून येतो तो गॅस म्हणजे बहुतेक मिथेनच. शास्त्रज्ञांनी त्यातले खादाड जिवाणू निवडले, त्यांची ताकद वाढवली आणि सच्छिद्र गिलाव्यात मिसळले. भिंतीत दडलेल्या गॅसच्या पाइपाभोवती हा गिलावा भरतात. गॅस नसेल तेव्हा जिवाणू वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. कुठे बारीकशी गळती झाली की जागे होतात आणि खोलीत येण्याआधीच गॅस खाऊन टाकतात. गॅस कळावा म्हणून त्यात जो कुजकट वास मिसळलेला असतो, तोसुद्धा खातात.

"पाच वर्षांत लेपाच्या एकाही इमारतीत स्फोट नाही," तो म्हणाला. "आधी दरवर्षी माणसं जायची."

"मग आमचा गॅस जातो कुठे?"

इरफानने यंत्र पिशवीत भरलं. "गेला म्हणजे वापरला गेला, मॅडम. दुसरं काय सांगू?"

हर्षदाला हे पटलं. ती स्वतः रोज ड्रायव्हरांना हेच सांगत होती.

दुपारी तिने आईंना समोर बसवलं. आवाज मऊ ठेवला होता, पण बसवायची पद्धत डेपोतलीच होती.

"आई, आम्ही कामावर गेल्यावर तुम्ही गॅसवर काय काय करता?"

"काय करायचंय? चहा एकदा. कधी दूध तापवते."

"नंतर बंद करता ना? आठवून सांगा."

कौसल्याबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. गावच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं पोरांसाठी खिचडी शिजवली होती. दोनशे पोरं, दोन मोठ्या चुली, आणि एकदाही करपल्याचा वास मास्तरांच्या खोलीपर्यंत गेला नव्हता. हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. या घरात ते कुणी विचारलं नव्हतं.

"मी बंद केला व्हता," त्या म्हणाल्या. "रोज करते. दोनदा बघते."

"आई, रागावू नका. पण गॅस काही हवेत विरत नाही. परवा तुम्हाला दाराचं लॅच लावायचं आठवलं नाही. मागच्या आठवड्यात..."

तिने एकेक गोष्ट मोजून दाखवली. मीठ, लॅच, नातीचं नाव. तिला वाटत होतं की आपण समजुतीने घेतोय. आईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"विसरत आसंन मग," त्या म्हणाल्या. "डोकं कामातून गेलंय माझं. तुम्ही म्हणताय तर तसंच आसंन."

गुन्हा कबूल झाला की हर्षदाला एरवी हायसं वाटे. त्या दुपारी वाटलं नाही. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग गिळून ती बाजारात गेली आणि शेगडीच्या बटणांवर बसवायचं कुलूप घेऊन आली. चावी तिच्या पर्समध्ये राहू लागली. सकाळी चहा थर्मासात, जेवण डब्यात. आईंनी आराम करावा, एवढंच आता त्यांचं काम उरलं.

मग त्या आरामच करू लागल्या, दार लावून, त्या मायाळू भिंतीशी.

समाधानने त्र्यंबक रस्त्यावरचं एक केंद्र पाहून ठेवलं. विसराळू म्हाताऱ्यांना तिथे सांभाळतात. स्वच्छ होतं, नर्स होत्या. "तिच्याच भल्यासाठी," तो म्हणाला आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहत राहिला. येत्या शनिवारी न्यायचं ठरलं. आईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "देव घेऊन जाता येतील का?"

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. देवघरातलं निरांजन टिकेना. लावलं की ज्योत बारीक व्हायची, पिवळट पडायची आणि विझायची. हर्षदाने वात बदलली, तूप बदललं. दार उघडं असलं की जरा बरं जळायचं, लावून घेतलं की विझायचं. आईंनी त्याचा धसकाच घेतला.

"देव माझ्या हातचा दिवा घेईना," त्या म्हणाल्या. "घरातून जायची वेळ आली ना माझी."

"काहीतरीच काय आई! फटीतून वारा येतो, बाकी काही नाही." शुक्रवारी सकाळी कामावर निघताना हर्षदाने त्या खोलीची खिडकी घट्ट लावली. दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबून दार ओढून घेतलं. आत आईंना थंडी वाजू नये आणि दिवाही टिकावा, दोन्ही कामं होतील असा तिचा विचार होता.

दुपारी एक वाजता डबा खाताना तिने सहज ॲप उघडलं. कुलूप लावल्याला बारा दिवस झाले होते. वापर आता रोजच्या अर्ध्या युनिटवर आला असेल, हे तिने गृहीतच धरलं होतं.

गेल्या बारा दिवसांत एकही दिवस दीडच्या खाली नव्हता. काल तर दोनच्या वर होता.

घास तिच्या हातात तसाच राहिला. शेगडीला कुलूप होतं. चावी पर्समध्ये होती, तिने चाचपून पाहिलीसुद्धा. आईंनी गॅस वापरला नव्हता. मग आधीही वापरला नसणार. "मी बंद केला व्हता," हे आईंचं पहिलं उत्तर तिला आठवलं, आणि ते आपण कसं मोडून काढलं तेही आठवलं. डबा तसाच टाकून ती गंगापूर रोडवरच्या गॅस कंपनीच्या ऑफिसला निघाली.

तिथले साहेब, कुलथे, नेमस्त गृहस्थ होते. त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि मान हलवली.

"गळती तपासणी झालेली आहे. शून्य. वापर घरगुतीपेक्षा जास्त दिसतो. घरी डबे वगैरे करून विकता का?"

"शेगडीला कुलूप आहे साहेब. ही चावी. मला तासातासाचा तक्ता दाखवा."

"तो ग्राहकांना दाखवत नाही."

"मी अठरा वर्षं इंधनाचे तक्ते बघते. दाखवा, नाहीतर मी इथून उठत नाही."

आवाज ऐकून आतल्या टेबलावरून इरफान उठून आला. त्याने तिला ओळखलं. कुलथ्यांनी नाइलाजाने स्क्रीन वळवली.

तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ दोन उंचवटे होते, ते स्वयंपाकाचे. पण त्यांच्यामधली रेघ खाली टेकतच नव्हती. दुपारी, मध्यरात्री, पहाटे तीनला, सगळा वेळ एक बर्नर सिमवर ठेवावा तशी ती रेघ चालली होती. दिवाळीपासून एक मिनिटही ती शून्यावर आली नव्हती, आणि गेल्या आठवड्यात वर चढत होती.

"पहाटे तीनला आमच्याकडे कोण स्वयंपाक करतं, सांगा बघू," हर्षदा म्हणाली.

"पण याचा अलार्म..." कुलथे पुटपुटले.

"अलार्म आपणच बंद केलाय सर," इरफान म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "लेप आल्यापासून बारीक गळतीचा धोका उरला नाही म्हणून. मॅडम, दिवाळीच्या सुमारास भिंतीत काही ठोकलं होतं?"

"देवघर. आईंच्या खोलीत."

"स्वयंपाकघराच्या भिंतीला? ती भिंत गरम लागते का?"

हर्षदाच्या डोळ्यांपुढे विरजणाचं भांडं आलं. "कोमट. सारखी कोमट असते."

इरफानने तोंडावरून हात फिरवला. "स्क्रूने पाइप घासला गेला. मिथेन खाल्लं की जिवाणू उष्णता सोडतात, त्याचीच ती ऊब. आम्ही लेप केला तो कणभर गळतीसाठी. तुमच्याकडे त्यांना दोन महिने जेवणावळ चाललीय, ते वाढतच गेले असणार. आणि मॅडम, नुसतं मिथेन खाऊन त्यांचं भागत नाही. जाळाला लागतो तसा त्यांना ऑक्सिजन लागतो. एक भाग गॅसला दोन भाग ऑक्सिजन. तो ते खोलीतल्या हवेतून ओढतात, आणि बदल्यात कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. तो जड, जमिनीलगत साचतो. त्या खोलीत दिवा लागतो का?"

हर्षदा उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"नाही," ती म्हणाली. "दिवा विझतो. आई त्याच्या शेजारी जमिनीवर झोपतात. मी आज दाराची फट बुजवून आलेय."

आईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. समाधानच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. शेजारच्या कानडे काकू लेकीकडे गेल्या होत्या. कुलथे ऑफिसातूनच गॅस बंद करायला धावले, तर यंत्रणेने समाधानच्या फोनवर गेलेला सहा आकडी क्रमांक मागितला, कारण कनेक्शन त्याच्या नावावर होतं. कुलथ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली असावी.

"गॅस मागाहून," इरफान ओरडला. "आधी दार उघडायला कुणी आहे का?"

हर्षदाने सोसायटीचा वॉचमन पगारे याला फोन लावला. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"पगारे काका, पळत वर जा. आमच्या घरी. दार मी फोनवरून उघडते. फोन चालू ठेवा."

लिफ्टचा आवाज आला. मग चपलांचा. तिने फोनवरूनच दाराचं स्मार्ट लॉक उघडलं. घाईत त्याचा पिन तीनदा चुकला.

"आलो आत ताई. कुणी दिसंना."

"स्वयंपाकघराशेजारची खोली. दार जोरात ढकला, खाली गोधडी आहे."

दार घासल्याचा आवाज झाला. मग काहीच ऐकू येईना. ऑफिसातली सगळी माणसं उठून उभी राहिली होती.

"माँजी झोपल्यात," पगारे हळू आवाजात म्हणाला. त्यांना जाग येऊ नये म्हणून तो जपून बोलत होता.

"हाका मारा! मोठ्याने!"

"माँजी... ओ माँजी... ताई, उठंनात. ओठ काळेनिळे झालेत."

"आधी खिडकी उघडायला सांगा, आणि त्यांना म्हणावं खाली वाकून राहू नका," इरफान कानाशी म्हणाला. "नाहीतर तेही पडतील."

"काका, खिडकी उघडा. मग आईंना बाहेर काढा. बाहेरच्या खोलीत!"

"बाईमाणसाला हात कसा लावू ताई? कुणाला बोलवू का?"

"हात लावू नका! गादी ओढा! गादीसकट ओढा, पगारे काका, तुमच्या पाया पडते!"

खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला. मग गादी फरशीवर ओढल्याची खरखर, पगारेचं धापा टाकणं, पुन्हा खरखर. हर्षदा फोन कानाला गच्च दाबून उभी होती. माझ्या हातून गेलं, माझ्या हातून गेलं, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोनवर एक खोकला आला. मग दुसरा.

"हलल्या ताई," पगारे म्हणाला, आणि तो म्हातारा माणूस रडायलाच लागला.

इरफानच्या मोटरसायकलवर मागे बसून ती घरी पोहोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती. कौसल्याबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे उघडे होते. सुनेला बघून त्यांनी मास्क जरासा बाजूला केला.

"शनिवार झाला का?" त्यांनी विचारलं. "निघायचंय का मला?"

हर्षदा तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. सोसायटीतले लोक बघत होते, त्याचं तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंत फोडली. देवघराचा डावीकडचा स्क्रू पाइपात टोकापुरता रुतला होता. त्याच्याभोवती विटांमध्ये गुलाबीसर, ओलसर, चार बोटं जाडीची साय माजली होती. हात लावला तर गरम. सुताराने ठोकलं त्याच दिवशी लेप नसलेल्या घरात गॅसचा वास आला असता आणि तासाभरात कुणीतरी खिडक्या उघडून आरडाओरड केली असती. इथे तो वासही जिवाणूंनी खाऊन टाकला होता. काहीतरी चुकतंय हे सांगणारं एकच उरलं होतं, ते बिल. आणि ते वाचून हर्षदाने सासूला आरोपी केलं होतं.

कंपनीचं पत्र आलं, ते मात्र वाचण्यासारखं होतं. खोलीच्या हवेत कोणत्याही वेळी गॅस आढळला नसल्याने नियमानुसार 'गळती' झालेली नाही, जिवाणूंनी आपलं काम चोख बजावलं आहे. समाधान पत्र फाडायला निघाला होता. हर्षदाने ते काढून घेतलं, त्याच्या मागे तो तासातासाचा तक्ता जोडला आणि कुलथ्यांच्या टेबलावर ठेवला. रेघ कधीच शून्यावर न येणारी घरं शोधा, असं तिने बजावलं. शहरात एकेचाळीस घरं निघाली. इरफान आणि ती रविवारी त्यातल्या कित्येक घरी गेले. बहुतेक ठिकाणी बिलाचा दोष कुणाला ना कुणाला लागून चुकलेला होता. कुठे म्हाताऱ्या वडिलांना, कुठे कामवालीला, एके ठिकाणी तर नव्या सुनेला.

डेपोत हर्षदा आता आकडा घसरला की आधी टाकी तपासायला लावते. ड्रायव्हर मंडळींना याचं नवल वाटतं, पण कारण कुणी विचारलेलं नाही.

कौसल्याबाई पंधरा दिवसांत ताळ्यावर आल्या. डोकेदुखी गेली, नातीचं नाव जागेवर आलं, मीठ जागेवर आलं. केंद्राचा विषय समाधानने पुन्हा काढला नाही. मुलीची खोली आईंना दिली आणि मुलीने फोनवर त्याबद्दल एक अक्षरही कुरकुर केली नाही.

एकदा हर्षदाने सगळं सांगून टाकलं. देवघर मीच ठोकून घेतलं, फट मीच बुजवली.

"ते तू माझ्यासाठी केलंस," आई म्हणाल्या. "त्याचा राग न्हाई. पण तू विचारलंस तेव्हा मी खरं सांगितलं व्हतं गं पोरी. तुझ्या बोलण्यानं माझा मलाच भरवसा राहिला न्हाई."



शेगडीचं कुलूप हर्षदाने केव्हाच काढून फेकलं होतं. पण आई शेगडीजवळ जात नव्हत्या. फार आग्रह केला तेव्हा एक चहा करायला लागल्या. तोही कसा, तर बटण बंद केलं की हाक यायची, "हर्षदा, बघ गं जरा, बंद झालाय का." हर्षदा उठून यायची, बघायची, झालाय म्हणायची. दोनशे पोरांची खिचडी शिजवलेली बाई बटणाकडे बोट दाखवून उभी असायची. असे तीन आठवडे गेले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी हर्षदा बाहेरच्या खोलीत गवार मोडत बसली होती. आत चहा उकळल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला.

"हर्षदा, बघ गं जरा."

ती उठायला निघाली आणि थांबली.

"तुम्ही बंद केलात ना आई?"

"केला."

"मग झाला."

जाऊन एकदा बघावं असं हर्षदाला फार वाटत होतं, तिचे कान, नाक, सगळा जीव त्या बटणाकडे लागला होता. तिने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मांडी घालून गवारीची शेंग मोडली. मग दुसरी मोडली.

आतून कपबश्यांचा आवाज झाला. कौसल्याबाई हातात दोन कप घेऊन गुडघा सांभाळत बाहेर आल्या. एक कप त्यांनी सुनेपुढे ठेवला आणि तिच्या मांडीकडे पाहिलं.

"उठली न्हाईस," त्या म्हणाल्या.

"नाही उठले."

आई समोरच्या खुर्चीवर टेकल्या, पायाशी ठेवलेल्या टोपलीतली मूठभर गवार ओढून घेतली आणि मोडायला लागल्या.